गांजा सापडला, तरी सुटला कसा?

‘अमली पदार्थाच्या गुन्ह्यातील आरोपी निर्दोष, तपासातील त्रुटींचा फायदा’ अशी चार ओळींची बातमी दर काही दिवसांनी आतल्या पानावर दिसते. वाचणारा चिडतो. माल सापडला होता, पंचनामा झाला होता, पेपरात फोटोही आला होता, मग न्यायालयाला आणखी काय हवं होतं?

हा राग समजण्यासारखा आहे. २०२३ साली नाशिकजवळच्या शिंदे गावात आणि २०२४ साली दौंड तालुक्यातल्या कुरकुंभच्या एमआयडीसीत एमडी बनवणारे कारखाने उघडकीला आले. तेव्हापासून ‘एमडी’ म्हणजे मेफेड्रोन हा अमली पदार्थ, हे शाळकरी मुलांच्या आईबापांनाही सांगावं लागत नाही. असा माल विकणारा ‘तांत्रिक कारणावरून’ सुटतो म्हटलं की जीव तुटतो. पण ते ‘तांत्रिक कारण’ नेमकं काय असतं, हे बातमीत क्वचितच लिहिलेलं असतं. तेच इथे उलगडून बघू.

त्यासाठी एक काल्पनिक प्रसंग डोळ्यांसमोर ठेवू. पहाटेची वेळ, सोलापूरचा एसटी स्टँड. पोलिसांना खबऱ्याकडून बातमी मिळाली आहे. आंध्रकडून आलेल्या गाडीतून चोवीस-पंचवीस वर्षांचा एक तरुण उतरतो. हातात मोठी बॅग. पोलीस त्याला अडवतात. बॅगेत दोन-दोन किलोची अकरा पाकिटं, म्हणजे बावीस किलो गांजा. पँटच्या खिशात साठ ग्रॅम एमडी. अधिकारी त्याला म्हणाला होता, “तुला पाहिजे तर मॅजिस्ट्रेटसमोर नेतो, नाहीतर इथेच मी झडती घेतो.” तरुण म्हणाला, “घ्या साहेब.” तसं लिहूनही दिलं. मग एका पाकिटातून नमुना काढला, लाखेचं सील लावलं, चौकीत त्याचा जबाब लिहून घेतला. जबाबात त्याने सगळं कबूल केलं.

वाचायला खटला पक्का वाटतो. पण यातला कुठला पुरावा न्यायालयात टिकेल आणि कुठला गळून पडेल?

बेकायदा मिळालेला पुरावा आपोआप बाद होतो का?

नाही. सगळ्यात मोठा गैरसमज हाच, आणि तो बहुतेक परदेशी मालिकांमधून आलेला आहे. अमेरिकेत पोलिसांनी घटनेतला हक्क मोडून झडती घेतली, तर तिच्यातून मिळालेला पुरावा सहसा खटल्यात वापरता येत नाही. त्या पुराव्याच्या आधाराने पुढे जे सापडलं तेही वापरता येत नाही, कारण झाडच विषारी म्हटल्यावर फळही विषारी. याला काही अपवाद आहेत, पण मूळ नियम हा.

भारताने हा नियम घेतला नाही. मुंबईच्या कॉरोनरवर, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यावर, लाच मागितल्याचा खटला झाला होता, त्यात टेलिफोनवरचं संभाषण चोरून ध्वनिमुद्रित केलेलं होतं. तो पुरावा चालेल का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. १९७२ सालच्या त्या मलकानी निकालात न्यायालयाने शंभर वर्षं जुन्या एका इंग्रज खटल्याचा दाखला देऊन सांगितलं, की पुरावा मिळवण्याची पद्धत बेकायदा असली तरी पुरावा घेता येतो. पुढच्याच वर्षी पूरनमल खटल्यात पाच न्यायमूर्तींनी प्राप्तिकराच्या छाप्याबाबत तेच म्हटलं: पुरावा विषयाशी संबंधित असेल आणि कायद्याने स्पष्ट मनाई केलेली नसेल, तर झडती बेकायदा होती एवढ्यावर तो फेकून देता येत नाही.

म्हणजे सर्वसाधारण नियम पोलिसांच्याच बाजूचा आहे. मग अमली पदार्थांच्या खटल्यात आरोपी का सुटतात?

या कायद्याचं वजन

‘गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५’ हे अमली पदार्थांच्या कायद्याचं पूर्ण नाव. कोर्टाच्या आवारात सगळे इंग्रजी आद्याक्षरांनी ‘एनडीपीएस’च म्हणतात, आपणही तेच म्हणू.

एनडीपीएसमध्ये शिक्षा वजनावर ठरते. गांजा एक किलोपर्यंत असेल तर ‘अल्प प्रमाण’, वीस किलोच्या वर गेला की ‘व्यापारी प्रमाण’. चरससाठी याच रेषा शंभर ग्रॅम आणि एक किलो, हेरॉइनसाठी पाच ग्रॅम आणि अडीचशे ग्रॅम, एमडीसाठी दोन ग्रॅम आणि पन्नास ग्रॅम. व्यापारी प्रमाण सिद्ध झालं की किमान दहा वर्षं सक्तमजुरी, कमाल वीस, आणि किमान एक लाख रुपये दंड. दहाच्या खाली यायचा अधिकार न्यायाधीशालाही नाही. पुन्हा गुन्हा करणाऱ्याला ठरावीक मोठ्या प्रमाणांसाठी एकेकाळी फाशी सक्तीची होती. २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती सक्ती मान्य केली नाही, आणि २०१४ मध्ये संसदेने कायद्यातच बदल केला.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. एरवी गुन्हा सिद्ध करण्याचा सगळा भार सरकारवर असतो. इथे वस्तू ताब्यात सापडली हे सरकार पक्षाने सिद्ध केलं की कलम ५४ आणि कलम ३५ सुरू होतात. वस्तू माझी नाही, मला माहीत नव्हतं, कुणीतरी पोचवायला दिली होती, हे मग आरोपीला दाखवून द्यावं लागतं. तिसरी गोष्ट जामिनाची. व्यापारी प्रमाण असेल तर आरोपी दोषी नाही असं मानायला सबळ कारण आहे, आणि तो बाहेर जाऊन पुन्हा असा गुन्हा करणार नाही, अशी दोन्ही बाबतींत न्यायाधीशाची खात्री पटल्याशिवाय कलम ३७ जामीन देऊ देत नाही.

आता हे तिन्ही धागे एकत्र धरा. खुनाच्या खटल्यात हत्यार, वैर, साक्षीदार, मोबाइलचं लोकेशन असे दहा दुवे जुळवावे लागतात. इथे ‘याच्याकडे सापडलं’ या एका वाक्यावर माणसाची दहा ते वीस वर्षं ठरतात. आणि ते वाक्य सांगणारा बहुतेक वेळा एकटा पोलीसच असतो.

म्हणून १९९९ साली बलदेव सिंग खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं, की शिक्षा जितकी कठोर, तितकी कायद्यातली संरक्षणं काटेकोर पाळली गेली आहेत ना हे पाहण्याची काळजी जास्त. पूरनमलचा आधार इथे चालणार नाही, असंही पीठाने स्पष्ट केलं. बेकायदा झडतीत दुसरी एखादी वस्तू सापडली तर तिचा वापर होऊ शकेल. पण कलम ५० मोडून अंगझडती घेतली असेल, तर तिच्यात सापडलेला अमली पदार्थ ‘याच्या बेकायदा ताब्यात होता’ हे सिद्ध करायला वापरता येणार नाही. आणि ताबा सिद्ध झाला नाही, तर कलम ५४ चं गृहीतकही उभं राहत नाही. ‘तांत्रिक कारणाने सुटला’ या बातम्यांपैकी कितीतरींचं मूळ इथे आहे.

खिशात हात घालण्याआधीचं एक वाक्य

कलम ५० मधली मागणी साधी आहे. अंगझडती घेण्याआधी अधिकाऱ्याने त्या माणसाला सांगायचं: ‘तुझी झडती मॅजिस्ट्रेटसमोर किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर व्हावी, असं मागण्याचा तुला हक्क आहे.’ राजपत्रित अधिकारी म्हणजे ज्याची नेमणूक सरकारी राजपत्रात जाहीर होते असा वरच्या दर्जाचा अधिकारी. त्याने मागितलं तर तिकडे न्यायचं. स्त्रीची झडती फक्त स्त्रीनेच घ्यायची.

शेतजमिनीचा व्यवहार ज्यांनी केला आहे त्यांना याचं मर्म लगेच कळेल. सही दोघांचीच असते, तरी आपण दुय्यम निबंधकासमोर जातो, कारण उद्या कुणी ‘माझी सही नाही’ किंवा ‘जबरदस्तीने घेतली’ म्हणालं तर सांगणारा तिसरा माणूस लागतो. कलम ५० हा तिसरा माणूस आणायची सोय आहे. ती आरोपीच्या हिताची तर आहेच, पण ‘माल पोलिसांनीच खिशात घातला’ हा आरोप रोज ऐकावा लागणाऱ्या प्रामाणिक फौजदाराच्याही तितकीच हिताची आहे.

भांडण झालं ते शब्दांवरून, आणि त्यात गोव्याचा एक खटला मध्यभागी होता. त्या खटल्यात अधिकाऱ्याने ‘तुला वाटलं तर राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती होऊ शकते’ एवढंच म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा ते पुरेसं मानलं, भावार्थ पोचला ना, मग झालं. हा जोसेफ फर्नांडिस निकाल पुढे दहा-एक वर्षं सरकारी वकिलांच्या हाताशी राहिला. २९ ऑक्टोबर २०१० रोजी विजयसिंह जडेजा खटल्यात घटनापीठाने तो आधार काढून घेतला. हक्क आहे हे हक्क म्हणूनच सांगितलं पाहिजे, भावार्थाने भागणार नाही.

‘पाहिजे तर नेतो’ आणि ‘हा तुझा हक्क आहे’ यांत खरंच एवढा फरक आहे का, असं बरेच जण विचारतात. मला वाटतं, आहे. पहाटे चार पोलिसांच्या गराड्यात उभ्या असलेल्या माणसाला ‘पाहिजे तर’ हे शब्द कसे ऐकू येतात, याची कल्पना करून पाहा. तिथे ‘हो, पाहिजे’ म्हणायला जी हिंमत लागते ती आपल्यापैकी किती जणांत असेल? हक्क आहे हे कळलं, तर निदान मागण्याला काही आधार मिळतो.

२०१४ च्या परमानंद निकालात न्यायमूर्ती रंजना देसाई आणि न्यायमूर्ती मदन लोकूर यांनी आणखी दोन पळवाटा बंद केल्या. दोन आरोपी असतील तर दोघांना मिळून एकदाच सांगून चालत नाही, प्रत्येकाला वेगळं सांगायचं. आणि ‘मॅजिस्ट्रेट, राजपत्रित अधिकारी, किंवा आमच्याच पथकातले हे साहेब’ असा तिसरा पर्यायही द्यायचा नाही. छापा घालणाराच साक्षीला उभा राहिला, तर तिसरा माणूस आणलाच कुठे?

खिसा वेगळा, पिशवी वेगळी

इथे कायदा आरोपीच्या बाजूने झुकलेला नाही, आणि हे बातम्यांत येत नाही. कलम ५० फक्त अंगझडतीला लागू आहे. हातातली बॅग, डोक्यावरची गोणी, गाडीची डिकी हे ‘अंग’ नव्हे, असं २००५ साली पवनकुमार खटल्यात तीन न्यायमूर्तींनी ठरवलं. २०१९ च्या एका निकालाने पुढचा प्रश्न सोडवला: अंगझडती चुकीची झाली, पण माल गाडीत सापडला, तर गाडीतल्या मालाचा पुरावा टिकतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये रंजनकुमार चढ्ढा निकालात बॅगेबद्दलचा नियम पुन्हा ठामपणे सांगितला गेला.

खांद्याला अडकवलेली झोळी अंगाचा भाग का नाही आणि खिसा मात्र आहे, हे वरवर विचित्र वाटतं. न्यायालयाचं उत्तर असं: कायद्याने ‘व्यक्तीची झडती’ असा शब्द वापरला आहे. व्यक्ती म्हणजे शरीर आणि त्यावरचे कपडे, वाहून नेता येणारी प्रत्येक वस्तू नव्हे. मला हे उत्तर शब्दाला धरून बरोबर वाटतं, पण पूर्ण समाधान देत नाही. पोलिसांनी माल घुसडल्याची भीती हे संरक्षणाचं कारण असेल, तर खिशापेक्षा पिशवीत घुसडणं जास्त सोपं आहे. तरी आज कायदा असाच आहे.

‘एवढा वेळ पोलिसांकडे कुठे असतो?’

हा आक्षेप खरा आहे. माल घेऊन पळणाऱ्यासमोर कलमं वाचत बसता येत नाही. पण कायद्याने त्याची सोय ठेवली आहे. एसटी स्टँड, रेल्वे फलाट, रस्ता अशा सार्वजनिक जागी कलम ४३ लागू होतं, तिथे आगाऊ लिखापढीची अट नाही. अंगझडतीतही, आरोपीला दुसरीकडे नेताना तो माल फेकून देईल अशी भीती असेल, तर २००१ च्या दुरुस्तीनंतर जागच्या जागी झडती घेता येते. कारण लिहून बहात्तर तासांत वरिष्ठांना पाठवलं की झालं.

घरात किंवा गोदामात शिरायचं असेल तेव्हा मात्र कलम ४२ येतं. खबर लिहून काढायची, तिची प्रत बहात्तर तासांत वरिष्ठांकडे, आणि सूर्यास्तानंतर वॉरंटशिवाय शिरायचं तर त्याची कारणं नोंदवायची. २००९ च्या कर्नैल सिंग निकालात घटनापीठाने इथे व्यवहार पाहिला. खबर मोबाइलवर आली, पथक गाडीतच होतं, नोंद नंतर झाली, तर चालेल, फक्त उशिराचं कारण पटलं पाहिजे. नोंद केलीच नाही, तर चालणार नाही. उशीर वेगळा आणि पूर्ण दुर्लक्ष वेगळं. शाळेत उशिरा आलेल्या मुलाला आणि आलेच नाही अशा मुलाला गुरुजी एकच शेरा देत नाहीत, तसं हे.

कबुलीजबाबाचं काय?

पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा ठरत नाही, हा नियम आपल्याकडे इंग्रजी अमदानीपासून आहे, कारण ती कशी ‘मिळते’ हे सगळ्यांना ठाऊक होतं. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तो कायम आहे. पण नार्कोटिक्स कंट्रोल ब्यूरो, कस्टम्स, महसूल गुप्तवार्ता यांचे अधिकारी वर्षानुवर्षं म्हणत आले की आम्ही पोलीस नाही, तेव्हा कलम ६७ खाली आम्ही घेतलेला जबाब चालतो. कित्येक शिक्षा त्या जबाबांवर उभ्या होत्या.

२९ ऑक्टोबर २०२०, जडेजा निकालाला बरोबर दहा वर्षं झाली त्या दिवशी, तोफान सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने हे बंद केलं. ज्याच्याकडे पोलिसांसारखे अटकेचे, झडतीचे आणि तपासाचे अधिकार आहेत, तो या कामापुरता पोलीसच. न्यायमूर्ती नरिमन आणि न्यायमूर्ती नवीन सिन्हा बहुमतात, न्यायमूर्ती इंदिरा बॅनर्जी यांचं मत वेगळं. पुढच्याच वर्षी मुंबईच्या क्रूझवरील अमली पदार्थांच्या प्रकरणात जामिनाचा प्रश्न आला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने याच निकालाच्या आधारे म्हटलं की ब्यूरोच्या अधिकाऱ्यांनी घेतलेल्या कबुलीजबाबांवर विसंबता येणार नाही.

लाखेचं सील आणि बोर्डाचे पेपर

कलम ५० च्या मानाने याची चर्चा कमी होते. पण माझ्या मते आज खरी लढाई इथेच आहे.

दहावीच्या परीक्षेला बोर्डाच्या कस्टडीतून पेपरचं पाकीट येतं तेव्हा सील शाबूत आहे याची खात्री करूनच ते फोडतात. पाकीट आधीच उघडं निघालं, तर आतले पेपर जसेच्या तसे असले तरी परीक्षेवर कुणाचा विश्वास राहील? जप्त मालाचंही तसंच. स्टँडवर जप्त झालेला गांजा, पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल कक्षात ठेवलेला गांजा, मुंबईत कलिन्याच्या सरकारी प्रयोगशाळेत तपासलेला गांजा आणि न्यायालयात दाखवलेला गांजा हा एकच आहे, हे सरकार पक्षाला दाखवावं लागतं. मध्ये एक जरी दुवा तुटला, म्हणजे सील कोणाकडे होतं त्याची नोंद नाही, मुद्देमालाची वही सादर केली नाही, नमुना बरेच दिवस कुठे होता ते कोणी सांगत नाही, तर प्रयोगशाळेचा अहवाल खरा असूनही तो ‘याच मालाचा’ आहे हे ठरत नाही.

गोव्यातला एक जुना खटला इथे लक्षात ठेवण्यासारखा आहे. एका जर्मन नागरिकाकडे चरसचे दोन तुकडे सापडले, मिळून बारा ग्रॅम. प्रयोगशाळेत पाठवला एकच तुकडा, पाच ग्रॅमहून कमी. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, जो तुकडा तपासला तेवढाच चरस म्हणून सिद्ध झाला, दुसरा तुकडा चरसच होता हे कशावरून? तेव्हा अल्प प्रमाणाची रेषा पाच ग्रॅमवर होती. गुन्हा व्यापाराचा राहिला नाही, स्वतःच्या सेवनाचा ठरला, आणि दहा वर्षांची शिक्षा काही महिन्यांवर आली.

१९८९ मध्ये कायद्यात कलम ५२अ आलं: मालाची यादी, छायाचित्रं आणि नमुने मॅजिस्ट्रेटच्या उपस्थितीत प्रमाणित करून घ्यायचे. अनेक ठिकाणी मात्र नमुने रस्त्यावरच काढले जात राहिले. २०१६ साली मोहनलाल निकालात सर्वोच्च न्यायालयाने या सगळ्या कारभारावर कडक शब्दांत बोट ठेवलं आणि नमुने मॅजिस्ट्रेटसमोरच घ्यायचे असं बजावलं. २०२३ मध्ये लागोपाठ काही निकालांत या कलमाचं पालन नाही म्हणून आरोपी सुटले. जानेवारी २०२५ मध्ये भारत आंबाळे खटल्यात न्यायालयाने काटा थोडा मागे आणला. कलम ५२अ मध्ये चूक झाली म्हणून खटला आपोआप पडत नाही. चूक झाल्याचं आधी आरोपीने दाखवायचं, आणि मग त्या चुकीमुळे मालाच्या खरेपणाला बाध येत नाही हे सरकार पक्षाने दाखवायचं. बाकीचा पुरावा भक्कम असेल तर शिक्षा टिकू शकते.

हा निकाल मला समतोल वाटतो. चूक झाली का, एवढंच विचारून तो थांबत नाही. चुकीमुळे शंका निर्माण झाली का, हे विचारतो.

पंच फुटले तर?

पंच साक्षीत फिरला, ‘मी कोऱ्या कागदावर सही केली’ म्हणाला, तरी खटला तेवढ्याने संपत नाही. पोलीस साक्षीदार उलटतपासणीत टिकले, तर त्यांच्या साक्षीवर शिक्षा होऊ शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली पुन्हा सांगितलं आहे. तक्रार देणारा आणि तपास करणारा अधिकारी एकच असला की आरोपी सुटलाच, हा २०१८ चा नियमही घटनापीठाने ऑगस्ट २०२० मध्ये मोडीत काढला. आता त्यामुळे पक्षपात झाला का, हे त्या-त्या खटल्यात पाहतात.

हिशोब इतक्या उशिरा का?

मला खरी चीड येते ती इथे. अमेरिकेत आरोपी खटला सुरू होण्याआधीच अर्ज करतो, की हा पुरावा बाद करा. त्यावर सुनावणी होते, आणि पुरावा गेला तर पुष्कळदा खटलाही तिथेच आवरतो. आपल्याकडे असा वेगळा टप्पा नाही. कलम ५० पाळलं का, सील शाबूत होतं का, हे सगळं साक्षी-पुरावे संपल्यावर, निकालाच्या वेळी ठरतं. जामिनाच्या टप्प्यावर ही कारणं फारशी चालत नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये काशिफ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की कलम ५२अ मधली त्रुटी एवढ्याच आधारावर जामीन मागता येणार नाही.

म्हणजे पहिल्या तासात झालेल्या चुकीचा हिशोब काही वर्षांनी शेवटच्या दिवशी होतो. तोवर आरोपी कोठडीत. तो निर्दोष असेल, तर त्याची ती वर्षं कोणी परत देत नाही. तो खरोखर विक्रेता असेल, तर पोलिसांची सगळी मेहनत त्या दिवशी मातीत जाते, आणि ती चूक इतकी जुनी झालेली असते की दुरुस्त करायला काहीच उरलेलं नसतं. चूक करणाऱ्याला मात्र सहसा काही होत नाही. त्रास देण्यासाठी, विनाकारण झडती घेणाऱ्या अधिकाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद कलम ५८ मध्ये आहे, पण निष्काळजीपणाने बुडालेल्या खटल्याचा जाब त्यात बसत नाही.

एक बदल आशा वाटावी असा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं ध्वनी-चित्रमुद्रण करायचं आहे, मोबाइलवर केलं तरी चालतं, आणि ते विनाविलंब मॅजिस्ट्रेटकडे पाठवायचं आहे. एनडीपीएसशी विसंगत नसेल तिथे ही संहिता त्या कारवायांनाही लागू होते. हक्क सांगितला की ‘पाहिजे तर’ म्हटलं, हे मग फौजदाराच्या आणि आरोपीच्या शब्दांत तोलत बसावं लागणार नाही, ऐकता येईल.

मग सोलापूरच्या त्या बॅगेचं काय झालं?

आता आपल्या तरुणाकडे परत येऊ. जबाबातली कबुली पहिल्यांदा गेली. पोलिसांसमोरची कबुली आहे ती, तोफान सिंगपर्यंत जायचीही गरज नाही.

खिशातलं साठ ग्रॅम एमडी व्यापारी प्रमाणाचं होतं. पण अधिकाऱ्याने ‘पाहिजे तर’ म्हटलं, हक्क म्हणून सांगितलं नाही. त्याने सही करून दिली तरी, जो हक्क सांगितलाच नाही तो सोडला असं म्हणता येत नाही. जडेजा निकालाप्रमाणे एमडीचा ताबा सिद्ध होणार नाही.

बॅग मात्र टिकते. ती अंगझडती नव्हती, जागा सार्वजनिक होती, म्हणून कलम ५० ही नाही आणि ४२ ही नाही. बावीस किलो गांजा, व्यापारी प्रमाण, किमान दहा वर्षं.

पण थांबा, नमुना कितीमधून काढला होता? अकरापैकी एका पाकिटातून. बचाव पक्षाचा वकील गोव्याचा १९९३ चा निकाल पुढे ठेवेल आणि म्हणेल, दोन किलो गांजा सिद्ध झाला, बाकीच्या दहा पाकिटांत काय होतं ते प्रयोगशाळेने पाहिलेलंच नाही. न्यायाधीशाने हे मान्य केलं, तर वजन वीस किलोच्या रेषेखाली येतं. मग किमान दहा वर्षं नाहीत, दहापर्यंत कितीही देता येतात. जामिनाची कलम ३७ ची अटही त्या वजनाला लागली नसती. पाकिटांचा रंग, वास, बांधणी सारखी होती आणि सगळी न्यायालयात हजर आहेत, हे सरकारी वकिलाने पटवून दिलं, तर कदाचित बावीस किलो कायम राहतील.

उरलेल्या दहा पाकिटांतून त्या दिवशी नमुने काढून मॅजिस्ट्रेटसमोर प्रमाणित करून घ्यायला पोलिसांचा फार तर एक दिवस गेला असता.